फॉस्टस मराठीत: पाचवा महिना, गाडी एका क्रियापदापाशी अडकलीये

मंडळी, मागच्या वेळी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की दिवाळीच्या आत 'डॉक्टर फॉस्टस'च्या मराठी भाषांतराचा पहिला खर्डा हातावेगळा करतो. झालेला नाहीये. आत्ताची स्थिती अशी की सुरुवातीचं स्वगत झालंय, रक्ताने सही करायचा प्रवेश झालाय, सात पापांची मिरवणूक अर्धी झालीये (आळसाचं भाषण लिहिता लिहिता मीच झोपलो), मधला विनोदी भाग ढकलत ढकलत संपवला आणि शेवटचं अकरा ते बाराचं स्वगत चौथ्यांदा लिहायला घेतलंय.

नवीन आलेल्यांसाठी पटकन सांगतो. इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लोचं नाटक, १५९० च्या आसपासचं. फॉस्टस हा जर्मनीतल्या विटेनबर्गचा पंडित, तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र सगळ्याला नाकं मुरडून जादूच्या मागे लागतो आणि २४ वर्षांच्या करारावर आत्मा सैतानाला लिहून देतो. मार्लो १५९३ मध्ये डेटफर्डला सुरा लागून मेला, वय २९, त्यामुळे छापलेलं नाटक त्याने पाहिलंच नाही. पहिली छापील प्रत १६०४ ची, दुसरी वेगळी प्रत १६१६ ची, आणि दोघींत भांडण लागावं इतका फरक, दुसरीत ३६ ओळी गाळल्यात आणि ६७६ नव्या घातल्यात. हेन्स्लो नावाच्या नाटकधंद्यातल्या माणसाच्या वहीत १६०२ साली दोघा लेखकांना भर घालायचे ४ पौंड दिल्याची नोंद सापडते, म्हणजे ठिगळं लावणं तेव्हापासूनच चालू. मी १६०४ धरून चाललोय.

आता अडलंय कुठे ते. फॉस्टस डळमळतो तेव्हा वाईट देवदूत म्हणतो 'उशीर झाला', आणि चांगला देवदूत म्हणतो की उशीर कधीच होत नाही, पण पुढची अट दोन प्रतींत वेगळी आहे. १६०४ मध्ये 'फॉस्टसला पश्चात्ताप करता आला तर', १६१६ मध्ये 'फॉस्टसने पश्चात्ताप करायचं मनावर घेतलं तर'. इंग्रजीत एका छोट्या शब्दाचा फरक, पण सगळं नाटक त्यावर फिरतं. एकात प्रश्न असा की या माणसाला ते जमण्यातलं आहे का, का देवाने आधीच याच्या नावावर काट मारलीये (कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, या कॅल्विनच्या मताचा मार्लो शिकला त्या केंब्रिजमध्ये जोर होता, तिथे हा वाद पुस्तकी नव्हता). दुसऱ्यात सरळ आहे, दार उघडं आहे, तू येत नाहीस, तुझं तू बघ.

पंधरा दिवस यावर घासत होतो. एकदा जेवताना आईला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, ती भाजी वाढता वाढता म्हणाली, "अरे पण पश्चात्ताप करतं का कोणी? तो होतो." आणि मी ताटावर तसाच बसून राहिलो. आपण 'मला पश्चात्ताप झाला' असंच बोलतो ना, भूक लागते तसा, ताप येतो तसा, 'मी पश्चात्ताप केला' हे जरा पुस्तकी किंवा कोर्टातलं वाटतं. म्हणजे आपलं व्याकरण आधीच १६०४ च्या बाजूने उभं आहे! झाला तर झाला, आणायचा म्हटला तर कुठून आणणार? पण मग १६१६ वाल्यांना न्याय कसा द्यायचा, आणि फॉस्टसच्या तोंडी काय घालायचं? सध्याचा तोडगा असा की जिथे दुसरे त्याला सांगतात तिथे 'कर', आणि जिथे तो स्वतःबद्दल बोलतो तिथे 'होत नाही'. 'काळीज दगड झालंय, पश्चात्ताप होतच नाही.' हे बसलं असं वाटतंय. तुम्हाला खटकलं तर सांगा. 'अनुताप' आपल्या संतांचा शब्द आहे, सुंदर आहे, पण तो लिहिला की फॉस्टस निम्मा सुटलाच असं वाटायला लागतं, म्हणून काढला.

हेच धरून शेवटाच्या थोडं आधीचा तो गद्य तुकडा पुन्हा वाचला, जिथे तो विद्यार्थ्यांना सांगतो की रडायचंय पण सैतान आसवं आत ओढतो, जीभ धरतो, हात वर करायचेत तर बघा, ते हात धरून ठेवलेत. विद्यार्थी विचारतात कोण? त्यांना कोणीच दिसत नाही. आधी हे मला नाटकी वाटायचं, आता वाचताना पोटात गोळा येतो. अर्थात संशयी माणूस म्हणेल की हे सगळं बहाणे आहेत, आणि त्याच्याकडेही पुरावा आहे. पहिल्याच स्वगतात हा बायबल उघडतो, 'पापाची मजुरी मरण' एवढं वाचतो आणि तिथेच थांबतो. त्याच वाक्याचा पुढचा अर्धा भाग म्हणजे देवाच्या कृपेचं अनंत जीवन. एवढा डॉक्टर, पण वाक्य पूर्ण वाचलं नाही! तेव्हाच्या प्रेक्षकाला पुढचा भाग पाठ असणार, तो खुर्चीत, म्हणजे उभ्यानेच, चुळबुळत असणार.

आणि एवढं करून मिळालं काय? ग्रहताऱ्यांविषयी विचारतो तर उत्तरं अशी की फॉस्टस स्वतःच म्हणतो, हे तर माझा नोकर वॅग्नरपण सांगेल. जग कोणी निर्माण केलं विचारलं तर मेफिस्टोफिलिस, म्हणजे करारावर त्याच्या दिमतीला आलेला सैतान, सांगतच नाही. बायको मागितली तर बाईच्या वेषातला सैतान. निषिद्ध ज्ञान म्हणून आत्मा विकला आणि हातात आलं सिलॅबसमधलंच.

विनोदी भागात एकच जागा मला मनापासून आवडली. गरोदर डचेसला जानेवारीत पिकलेली द्राक्षं खायची इच्छा होते, म्हणजे आपले सरळसरळ डोहाळे, शब्द शोधायलाच लागला नाही. मेफिस्टोफिलिस क्षणात घेऊन येतो आणि फॉस्टस समजावतो की इथे थंडी असते तेव्हा इंडिया वगैरे पूर्वेकडच्या देशांत उन्हाळा असतो. भूगोल कच्चा आहे, पण नाशिकची द्राक्षं जानेवारीत बाजारात यायला लागतात हे बघता सैतान बहुतेक आपल्याकडेच येऊन गेला असावा.

ख्रिस्ती शब्दांसाठी 'ख्रिस्तपुराण' चाळलं, म्हणजे ख्रिस्ताची गोष्ट सांगणारं जुनं मराठी काव्य. ते लिहिणारा फादर स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज १५७९ ला गोव्यात आला, तेव्हा मार्लो पंधरा वर्षांचा पोरगा. पुराण छापलं गेलं गोव्यातच राचोलला, १६१६ मध्ये, म्हणजे फॉस्टसची दुसरी प्रत आली तेच साल! त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. मी मोहात पडून दोन पानं 'वैकुंठ' लिहूनही पाहिलं, फॉस्टस वारीला निघाल्यासारखा दिसायला लागला, खोडलं.

शेवटचं स्वगत. कराराची मुदत संपायची रात्र, घड्याळात अकराचे ठोके पडतात, साधारण तीसेक ओळींत अर्धा तास संपतो आणि पुढचा अर्धा तास वीसेक ओळींतच उडतो, म्हणजे फॉस्टस वेळेला थांब म्हणतोय तशी ती जास्तच पळतेय. मोबाईलवर वेळ लावून मोठ्याने वाचलं तर सगळं पाच मिनिटांत बसलं (शेजाऱ्यांनी बेल वाजवली, ते सोडा). आकाशातून ख्रिस्ताचं रक्त वाहतंय ही ओळ १६१६ मध्ये गायब आहे. १६०६ मध्ये रंगमंचावर देवाचं नाव थिल्लरपणे घेतलं तर १० पौंड दंडाचा कायदा आला होता, एकदोन जागी तरी त्याचीच कात्री दिसते. ती ओळ मी अर्थातच ठेवलीये. प्रत्येक ओळ चौदा अक्षरांत बसवायचा प्रयत्न सोडला, आता ओळ श्वासाप्रमाणे तोडतोय.

एक जागा मात्र भाषांतरात उलटी झाली. तो म्हणतो, मेल्यावर आत्मा दुसऱ्या देहात जातो हे पायथागोरसचं म्हणणं खरं असतं तर हा जीव उडून एखाद्या जनावरात शिरला असता, जनावरं सुखी, मेली की संपली. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींची भीती घालतात, त्यातून सोडव म्हणून देवाला विनवतात, आणि इथे हा बाबा त्याच फेऱ्यासाठी तडफडतोय. तळटीप न देता हे मराठी वाचकापर्यंत पोचवायचं कसं, कोणाला सुचलं तर कळवा, मी 'योनी' शब्द न वापरता नुसतं 'एखादं ढोर झालो असतो तर' असं ठेवलंय तूर्तास.

आणि सगळ्यात शेवटची ओळ. 'पुस्तकं जाळतो' इथपर्यंत ठीक, पुढे 'आह् मेफिस्टोफिलिस' असा उद्गार आहे. किंचाळी आहे, विनवणी आहे का ओळखीच्या माणसाला मारलेली हाक? 'अरे मेफिस्टोफिलिस' लिहिलं तर चहाला बोलावल्यासारखं वाटतंय, 'हाय मेफिस्टोफिलिस' तर विचारूच नका. तिथे सध्या कंसात फक्त प्रश्नचिन्ह आहे.