काइमानेरा: जिथे खाडीचं तोंड दुसऱ्याच्या ताब्यात आहे

हावाना, विन्यालेस, त्रिनिदाद, सगळं बघून झालं आणि सगळं आवडलं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते क्यूबाच्या पार पूर्वेकडच्या एका लहानशा गावाबद्दल, कारण तिथून परतल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

सांतियागोहून बसने ग्वांतानामो शहर गाठलं. चांगुई हा संगीतप्रकार याच भागातला, आणि संध्याकाळी चौकात तो ऐकायला मिळाला. पण मी आले होते काइमानेरासाठी. अमेरिकी नौदलाच्या तळाला लागून असलेलं हे गाव. परदेशी माणसाला तिथे तेव्हा आधी परवानगी काढल्याशिवाय जाता येत नव्हतं, आणि ती मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. एक माणूस दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसरा म्हणायचा उद्या या. वाटेतल्या चौकीवर पुन्हा पासपोर्ट, पुन्हा प्रश्न. सहलीत सगळ्यात जास्त वैतागले ती इथे.

रस्ता रखरखीत. निवडुंग, मिठागरं, पांढरे ढीग. हॉटेल टेकडीवर आहे आणि तिथे खाडी बघायला मनोरा आहे. माझ्याबरोबर वर चढलेल्या दोघा पर्यटकांना फक्त तळावरचा, दहशतवादाच्या संशयितांना ठेवण्याचा तुरुंग बघायचा होता. दुर्बीण हातातून सोडेनात. ११ जानेवारी २००२ ला सुरू झालेली ती छावणी पलीकडे, समुद्राच्या बाजूला आहे. इथून ती काही दिसत नाही. ते चिडून खाली उतरले. मला बरंच वाटलं, कारण मग गावातल्या वाटाड्याशी निवांत बोलता आलं.

त्याने हाताने खाडीचा आकार दाखवला. आतला भाग क्यूबाचा, बाहेरचा भाग आणि समुद्राकडे उघडणारं तोंड तळाच्या हद्दीत. क्यूबाच्या व्यापारी जहाजांना ये-जा करू देण्याचं कलम तळाच्या भाडेकरारात आहे, म्हणून आतल्या बोकेरॉन बंदरापर्यंत जहाजं येतात, पण तळाच्या पाण्यातून. "आमचं गाव खाडीवर आहे," तो म्हणाला, "आणि मोकळा समुद्र बघायचा तर मुलांना बसमध्ये घालून दुसरीकडे न्यावं लागतं." आवाजात कुठलीही घोषणा नव्हती. मी मात्र हलले. तोवर हा विषय माझ्यासाठी बातम्यांमधला होता.

त्याचे आजोबा तळावर सुतारकाम करायचे. १९५९ च्या क्रांतीच्या आधी इथल्या हजारो घरांची चूल त्या पगारावर पेटायची, आणि काइमानेरा म्हणजे सुट्टीवर आलेल्या खलाशांचे दारूगुत्ते आणि कुंटणखाने, हेही त्याने लपवलं नाही. १९६४ मध्ये क्यूबाचे नेते फिदेल कॅस्ट्रो यांनी तळाचं पाणी तोडलं, अमेरिकेने समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना उभारला आणि बऱ्याच क्यूबन कामगारांना काढून टाकलं. जे उरले ते रोज फाटकातून जात राहिले. त्यांतले शेवटचे दोघे २०१२ च्या अखेरीस निवृत्त झाले. जुन्या कामगारांच्या पेन्शनची रोकड तेच पलीकडून आणत असत.

करार मी घरी आल्यावर वाचला आणि संताप आला. १९०१ मध्ये प्लॅट दुरुस्ती, म्हणजे क्यूबात हस्तक्षेपाचा आणि तळांसाठी जागा घेण्याचा हक्क अमेरिकेला देणारी कलमं, क्यूबाच्या राज्यघटनेत घालून घेतली गेली, तेव्हा अमेरिकी सैन्य बेटावर होतं. ती स्वीकारल्याशिवाय ते हलणार नव्हतं. त्यातूनच १९०३ चा भाडेपट्टा झाला. १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, पण नव्या तहाने तळ ठेवला आणि अट घातली की दोघांची संमती असेल किंवा अमेरिका स्वतःहून जागा सोडेल, तेव्हाच पट्टा संपेल. म्हणजे जमीन ज्याची, त्याला एकट्याला तो कधीच संपवता येणार नाही. सुमारे ११७ चौरस किलोमीटरचं वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. १९५९ मध्ये एक चेक वटवला गेला, त्यानंतर क्यूबाने एकही वटवलेला नाही.

तळ परत देण्याच्या विरोधात नेहमी सांगितलं जातं की हावानातलं सरकार शत्रू आहे, लोकांनी निवडलेलं नाही. दुसरी गोष्ट खरी आहे, आणि त्या राजवटीबद्दल मला प्रेम नाही. लोक दबक्या आवाजात बोलतात, दुकानांत सामान नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी पनामा कालवा परत देण्याचा तह केला तो तिथले लष्करी शासक तोरिहोस यांच्याशी, आणि तेही निवडणुकीतून आलेले नव्हते. ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाच्या हाती गेला आणि जहाजं पूर्वीसारखीच ये-जा करत राहिली. मग इथेच मैत्रीची अट का? काइमानेरातल्या मुलांनी सरकार बदलेपर्यंत थांबायचं?

वाटाड्याला मी विचारलं, तळ परत मिळाला तर आधी काय व्हावं? मला वाटलं तो झेंड्याबद्दल बोलेल. तो म्हणाला, आधी तळाच्या कुंपणाजवळ जमिनीत पेरलेले सुरुंग काढायला हवेत. अमेरिकेने आपल्या बाजूचे नव्वदच्या दशकात काढायला घेतले; क्यूबाच्या बाजूचे तसेच आहेत. मग बंदर वाढवायचं, कारण तरुण पोरं गाव सोडून चाललीत.

२०१५ मध्ये क्यूबाचे तेव्हाचे अध्यक्ष राउल कॅस्ट्रो यांनी जाहीर सांगितलं की तळ परत मिळाल्याशिवाय अमेरिकेशी संबंध पुरते सुरळीत होणार नाहीत. पुढच्या वर्षी ओबामा हावानाला जाऊन आले, तरी तळ सोडायचा विचार नाही हीच भूमिका राहिली. १९९६ चा अमेरिकी कायदा तर तळाबद्दलच्या वाटाघाटी निवडून आलेल्या क्यूबन सरकारशीच करायच्या म्हणतो. तो कायदा बदलणं वॉशिंग्टनच्या हातात आहे आणि सुरुंग काढणं हावानाच्या. दुसऱ्या कामाला कुणाच्याच संमतीची गरज नाही. ते तरी क्यूबाने आजच हाती घ्यायला हवं.