आधी वारा, मग रंग

शर्यतीतल्या शिडाच्या होड्यांचं तैलचित्र समोर आलं की नजर आधी जाते झेंड्यांकडे. रंगबिंग नंतर. खोड आहे, दुसरं काय! पण वारा कुठून येतोय ते कळलं की चित्रातल्या लबाड्या सापडायला लागतात.

वाऱ्याच्या तोंडावर जाणारी होडी त्याच्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरते. शीड आवळलेलं, अंग कललेलं, खलाशी उचललेल्या कडेवर ओळीनं बसलेले. तीच होडी बोयाला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला, वळसा घालून वाऱ्याच्या पाठीवर आली की सरळ उभी होते आणि पुढे स्पिनेकर, म्हणजे फुग्यासारखं मोठं हलकं शीड, फुगतो. चित्रकारांना हा वळसाच रंगवायला आवडतो, आणि घोळही तिथेच होतो. स्पिनेकर पुढे फुगलेला, आणि डोलकाठीवरचा झेंडा मागे फडफडतोय! धावत्या मोटारीवरचा उडतो तसा. अहो, या होडीला वाराच ढकलतोय. साधी होडी तेव्हा वाऱ्यापेक्षा हळूच जाणार. म्हणजे झेंडा पुढेच उडणार, तोही जरा मलूल.

क्षितिजाचं थोडक्यात. किनाऱ्यावर बघणाऱ्याचे डोळे पाण्यापासून २ मीटरवर असतील, तर क्षितिजरेषा प्रत्येक होडीला पाण्यापासून २ मीटरवरच छेदते, होडी जवळची असो की लांबची.

शीड पांढरं म्हणून नुसतं टिटॅनियम व्हाइट फासू नये. उन्हाच्या बाजूला त्यात किंचित मातकट पिवळा यलो ऑकर, सावलीत निळा अल्ट्रामरीन आणि अगदी नखभर तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. ऊन मागून असेल तर कापड उजळून निघतं, पण जिथे एका शिडावर दुसरं येतं तिथे ते गडदच हवं. निव्वळ पांढरा राखायचा नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, उसळणाऱ्या फेसासाठी. तो जाड, सगळ्यात शेवटी. जाड थर सावकाश वाळतो आणि त्यावर पातळ हात मारला की पुढे तडे जातात. दोर मात्र खालचा रंग पूर्ण वाळल्यावर, लांब केसांच्या रिगर ब्रशनं, एका दमात. ओल्यावर ओढला की दोर अर्ध्या वाटेत समुद्राचा रंग उचलतो.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं १६७४ मध्ये फान दे वेल्दे या डच चित्रकार बापलेकांना वर्षाला १००-१०० पौंड लावून दिले होते: बापानं सागरी लढायांची रेखाटनं करायची, मुलानं ती रंगवायची. केवढी चैन! हल्ली एकटा माणूस दोन फोटोंतल्या होड्या एका कॅनव्हासवर आणतो, आणि दोन्ही फोटोंतला वारा वेगळा असतो. घेणाऱ्याला त्याचं काही नसतं म्हणा. तो आधी भिंतीची लांबी मोजतो.