उघडा बोर्ड की डब्यातला कॅमेरा?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका पॅकिंगवाल्या शेठनी परवा माझं कोटेशन वाचता वाचताच विचारलं, "बेन, खाली डब्बाना आटला बधा?" म्हणजे, नुसत्या डब्याचे एवढे? प्रश्न रास्त होता. कन्व्हेअरवरून जाणाऱ्या खोक्याची लांबी-रुंदी-उंची घ्यायची आणि कुरिअरचं व्हॉल्यूमेट्रिक वजन, म्हणजे आकारावरून धरलेलं वजन, काढायचं (सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले 5000), एवढंच काम. मी रिअलसेन्सचा डी 435, म्हणजे समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा थ्रीडी कॅमेरा, लिहिला होता. त्यांच्या भाच्यानं नेटवर शोधून काढलं की आतलं डी 430 मॉड्यूल सुटंही, म्हणजे डबीविना उघड्या बोर्डासारखं, मिळतं. मग ॲल्युमिनियमच्या डबीचे पैसे कशाला?

आधी सोपं उत्तर. सुट्या डी 430 मध्ये रंगीत कॅमेरा नसतो, आणि चित्रांवरून अंतर काढणारा डी 4 प्रोसेसर वेगळ्या बोर्डावर घ्यावा लागतो. दोघांना जोडणारी केबल आली, ती नाजूक. यूएसबीचं तोंड कुठे बांधायचं तेही आपणच बघायचं. एवढी बेरीज केली तरी शेठ अर्धे विरघळतात.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. या कॅमेऱ्याचे दोन डोळे 50 मिलिमीटर अंतरावर बसवलेले असतात. तीच खूण डाव्या आणि उजव्या चित्रात किती पिक्सेल सरकली, त्यावरून अंतर निघतं. 848 बाय 480 पिक्सेलच्या चित्राला लेन्सची फोकल लांबी साधारण 425 पिक्सेल पडते, म्हणजे 1 मीटरवरच्या खोक्याची सरक जेमतेम 21 पिक्सेल. त्यात एक पिक्सेल हलला की पावणेपाच सेंटिमीटर गेले! आता समजा एक डोळा दुसऱ्याच्या मानानं 0.1 अंश वळला. पाऊण पिक्सेल तिथेच गेला, म्हणजे अंतरात साडेतीन सेंटिमीटरची चूक, आणि 2 मीटरवर त्याच्या चौपट. पट्टा रिकामा असताना शून्य करून घेतलं की भागेल, असं भाचा म्हणाला. नाही भागत. चूक अंतराच्या वर्गानं वाढते, त्यामुळे लांबच्या पट्ट्यावरची चूक आणि जवळच्या खोक्यावरची चूक एकसारखी नसते, वजा करूनही काहीतरी उरतंच.

सुट्या मॉड्यूलला मागे धातूची ताठ पट्टी असते, ते अगदीच लेचंपेचं नसतं. पण फिटरनं ते वाकड्या पत्र्यावर चार स्क्रूनी आवळलं की पट्टीसुद्धा पत्र्याचं ऐकायला लागते. डबीचं काम चष्म्याच्या फ्रेमचं आहे: काचा जागच्या हलू द्यायच्या नाहीत. शिवाय आतली उष्णता तीच बाहेर काढते. मे महिन्यात बडोद्यात बाहेरच 42-43 डिग्री, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. अशात कोणी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकची डबी छापून आणली, की ती 60 डिग्रीच्या आसपास मऊ पडते. दुपारी एक माप, संध्याकाळी दुसरं.

पॅकिंगच्या खात्यात आणखी एक भानगड असते, ती म्हणजे स्टॅटिक, घर्षणानं साठणारी वीज. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की श्रिंक फिल्मचा रोल सुटताना हाताला चटके बसतात. तिथे उघडा बोर्ड टांगायचा? माझी तर हिंमत होत नाही. पुठ्ठ्याची धूळ असते ती वेगळीच. डी 435 सुद्धा सीलबंद नाही, तेही शेठना सांगितलं. धुण्याची जागा असेल तर आयपी 65 वाला, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारा, डी 457 बघावा.

आणि उघडा बोर्ड घेऊन पुढे आपली ॲक्रिलिकची काच लावणाऱ्यांनी जपून. कॅमेऱ्याला पकडायला खुणा मिळाव्यात म्हणून समोर ठिपके टाकणारा इन्फ्रारेड प्रोजेक्टर आतच असतो; त्याचा उजेड काचेच्या आतल्या बाजूनं उलटून थेट दोन्ही डोळ्यांत जातो आणि चित्रावर धुकं येतं. प्रोजेक्टर आणि लेन्स यांच्यामध्ये काळा फोम काचेला घट्ट टेकेल असा बसवावा लागतो. प्रोजेक्टर लेझरचा आहे, त्यामुळे डबी आपली म्हटल्यावर त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही आपल्याच गळ्यात.

एवढं असून उघड्या बोर्डाला माझा विरोध नाही. आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यातला एक मुलगा कलाभवनात, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, शिकतो. रोबोटच्या मनगटावर कॅमेरा बसवायचाय म्हणून तो विचारायला आला. "मावशी, डी 435 चालेल?" डी 435 पूर्ण रेझोल्यूशनला 28 सेंटिमीटरच्या आत नीट बघतच नाही, आणि याला तर चिमट्यातलं बोल्ट बघायचंय. त्याच्यासाठी डी 405, 7 ते 50 सेंटिमीटरचा. तोही डब्यातच येतो, पण मनगटात तेवढीही जागा नसेल तर त्याचं सुटं मॉड्यूल, डी 401, घ्यायला माझी हरकत नाही.

अट एकच घातली. डबी प्रिंट करायची नाही, मकरपुऱ्यातल्या व्हीएमसी मशिनवाल्याकडून (धातू कोरणारं कॉम्प्युटरचं मशिन) ॲल्युमिनियमचा ठोकळा मिल करून घ्यायचा, मॉड्यूल बसतं तो माथा सपाट. बसवून झाल्यावर कॅलिब्रेशन (मापं जुळवून घेणं), अर्धा तास गरम होऊ दिल्यावर पुन्हा तपासणी. तपासायला सपाट भिंतीसमोर धरायचं आणि भिंत पडद्यावर वाकलेली दिसते का ते बघायचं. या कॅमेऱ्याला स्वतःचा प्रोजेक्टर नाही, कोऱ्या भिंतीवर त्याला पकडायला खूणच सापडत नाही. म्हणून त्याला सांगितलं, आधी भिंतीवर जुन्या वर्तमानपत्राची पानं चिकटव, सुरकुती न पाडता.