डबीतलं ते तूम नव्हतं

मंगळवार, रात्री

लंडनच्या एजवेअर रोडवरून चिकन शावर्मा आणला. खुब्ज, म्हणजे पातळ अरबी रोटी, तव्यावर दाबून दोन्ही अंगांनी कुरकुरीत केलेली, आत काकडीचं लोणचं, सगळं नीट. आणि सोबतच्या डबीत तूम, म्हणजे लसणाचा लेबनीज सॉस, हवा तिथे लसूण पावडर घातलेलं मेयोनीज. समीर म्हणाला, "अगं, सॉसच आहे, खा की." त्याचंही बरोबर आहे. तरी मन त्या डबीपाशीच अडकून बसलंय.

दिवसच तसा गेला होता. ऑफिसातलं ते, मग आईचा फोन... जाऊ दे. एक गोष्ट तरी मनासारखी मिळावी, एवढंच वाटत होतं.

स्वस्तातल्या जेवणात कुठेतरी हात आखडलेला असणारच. चिकन थोडं कमी घाला, कागद पातळ वापरा, माझी तक्रार नाही. पण तूम? लसूण, मीठ, लिंबू, तेल. अंडं नाही, दूध नाही. लॅम्बच्या शावर्म्याला तरातोर, म्हणजे ताहिनीचा (तिळाच्या पेस्टचा) सॉस असतो, सुमाक हा आंबट लाल मसाला चोळलेला कांदा असतो, पार्स्ली असते. चिकनच्या रोलची सगळी भिस्त तूमवर. 1975 मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धामुळे देश सोडून आलेल्या लेबनीज लोकांनी या भागात हॉटेलं थाटली. इथे तरी तूम खरं मिळावं, ही अपेक्षा जास्त आहे का?

खरं तूम पांढरंशुभ्र आणि हलकं असतं, चमचा उलटा केला तरी धरून राहतं. आधी कच्च्या लसणाचा झटका, मागून लिंबू. मेयोनीज पिवळट, गोडसर, आणि पावडरची चव घशाशी चिकटून राहते. पहिल्या घासालाच कळतं.

करायचं म्हटलं तर अवघड काही नाही, सावकाशीचं आहे. वाटीभर सोललेल्या पाकळ्या उभ्या चिरून आतला हिरवा कोंब काढायचा, नाहीतर कडसर लागतं. दीड छोटा चमचा मीठ घालून अगदी गुळगुळीत वाटायचं. मग 3 वाट्या सूर्यफुलाचं तेल बारीक धारेनं, मधेमधे लिंबाचा रस आणि बर्फाचं पाणी, दोन्ही पाव-पाव वाटी. ऑलिव्ह तेल नको, पात्याखाली कडू होतं. लसूण थोडा घेतला तर पातं तो भांड्याच्या कडेला उडवतं आणि वाटलाच जात नाही. पहिली अर्धी वाटी तेल थेंबथेंब गेलं पाहिजे. घाई झाली किंवा भांडं तापलं की फाटतं, तेल वेगळं, लसूण वेगळा. फाटलं तर टाकायचं नाही. अशा वेळी मात्र अंडं चालतं: स्वच्छ भांड्यात अंड्याचा पांढरा भाग घेऊन त्यात ते फाटलेलं पुन्हा थेंबथेंब घालायचं, बसतं.

हे लिहिता लिहिताच राग उतरला बहुतेक. त्या काउंटरवर एकच माणूस. तोच मांस कापतो, तोच रोल दाबतो, तोच फोन घेतो. भर दुपारच्या गर्दीत भांडंभर तूम फाटलं तर थेंबथेंब तेल सोडत कधी बसणार तो? मेयोनीजची बादली उघडली की झालं, ती फाटत नाही. काही ठिकाणी तूमला कॉर्नफ्लोअर किंवा उकडलेल्या बटाट्याची जोड देतात. ते मला चालतं, लसूण तरी खरा असतो.

तर तिथून यापुढे फलाफल, छोल्यांचे तळलेले वडे. त्यांच्यासोबतचं तरातोर चमच्यानंही होतं: ताहिनी, लिंबू, लसूण, पाणी. पाणी घातल्यावर आधी घट्ट गोळा होतो, आणखी घातलं की सैल. फसायला वावच नाही. फक्त फलाफल समोर तळून घ्यायचे, ट्रेमधले नाही, आणि बीट घालून गुलाबी केलेलं सलगमचं लोणचं मागून घ्यायचं. न मागता एकच फोड मिळते.

तूम शनिवारी घरीच. समीरला अख्खे गड्डे आणायला सांगितलंय, सोललेल्या पाकळ्यांचं पाकीट नको. त्या लसणाला शिळा वास येतो आणि तो कितीही लिंबू पिळलं तरी जात नाही.