104च्या यादीत 1043

2024चा जुलै संपत आला होता. आयकर विवरणपत्रांची मुदत 31 तारखेची आणि आमचं सॉफ्टवेअर वापरणारी बहुतेक ऑफिसं सीएंची, त्यामुळे सपोर्टचे फोन सकाळपासून खणखणत होते. त्यातला एक सपोर्टच्या मुलाने थेट माझ्याकडे वळवला. सांगलीच्या एका फर्ममध्ये रिटर्न्सचं काम बघणाऱ्या बाई बोलत होत्या.

"मॅडम, सर्च केलं की आपल्या फाइली नीट येतात. पण पार खाली गेलं की भलत्याच लोकांच्या दिसतात. यातला एकही आमचा क्लायंट नाही हो. उघडायला गेलं तर उघडत नाही, पण नावं सगळी दिसतायत."

फाइल उघडत नाही म्हटल्यावर आमच्या टीममधल्या दोघांचा जीव भांड्यात पडला. माझा काही पडेना. सीएंच्या ऑफिसात फाइलचं नाव म्हणजे बहुतेकदा पॅन असतो. ट्रेसेसवरून, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएसच्या संकेतस्थळावरून, उतरवलेल्या फॉर्म 16च्या (पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्याच्या) नावातही तोच. त्याचं चौथं अक्षर सांगतं की धारक व्यक्ती आहे की कंपनी, आणि व्यक्ती असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं. आयकर खात्याच्या एआयएसच्या, म्हणजे करदात्याच्या वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांच्या विवरणाच्या, पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. म्हणजे अर्धा पासवर्ड फाइलच्या नावातच उघडा पडला होता.

सगळ्या ग्राहकांच्या फाइली अॅमेझॉनच्या एस-थ्री या ऑनलाइन साठवणसेवेवर एकाच बकेटमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या कप्प्यात, होत्या. प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाचं फोल्डर. ही रचना बरीच जुनी. ती केली तेव्हा एका खात्यात मुळात 100च बकेट मिळत. ही मर्यादा 10,000 झाली ती पुढे 2024च्या नोव्हेंबरात. तेव्हा एक बकेट ठेवण्यात गैर काही नव्हतं. पण एस-थ्रीत फोल्डर नावाची वस्तूच नसते. प्रत्येक फाइलला एक लांबलचक नाव असतं आणि त्यातला स्लॅश हे इतर अक्षरांसारखंच एक अक्षर. यादी मागताना आपण फक्त एवढंच सांगतो, की अमुक अक्षरांनी सुरू होणारी नावं दे.

लॉग, म्हणजे विनंत्यांची नोंद, उघडला. सांगलीच्या फर्मचा क्रमांक 104. सर्चची विनंती 'prefix=104' अशी जात होती, पुढे स्लॅश नाही. 104ने सुरू होणारी नावं म्हणजे 104ची तर आलीच, शिवाय 1040, 1041, 1042 आणि 1043चीही. डाउनलोडचा कोड वेगळ्या माणसाने लिहिलेला, त्यात स्लॅश होता, म्हणून फाइल उघडत नव्हती.

मग इतकी वर्षं हे कुणाला कसं दिसलं नाही? ग्राहकांचे क्रमांक 101पासून सुरू झाले होते. सगळे तीन आकडी असेपर्यंत एक क्रमांक दुसऱ्याच्या पोटात शिरूच शकत नव्हता. 1010 आला तेव्हा तो 101च्या यादीत शिरला, पण 101 आणि 102 ही आमचीच चाचणीची खाती, आणि ती पार शेवटपर्यंत कोण बघतंय? शेवटपर्यंत म्हणायचं कारण असं, की एस-थ्री यादी बाइटच्या क्रमाने देतं, एका वेळी जास्तीत जास्त 1,000 नावं. संगणकाच्या सोळाच्या पायावरच्या मोजणीत स्लॅशचा कोड 2एफ, शून्याचा त्याच्या लगेच पुढचा, 30. त्यामुळे 104च्या स्वतःच्या हजारो फाइली आधी आणि परक्या तळाशी. सांगलीच्या बाई तळापर्यंत गेल्या आणि त्यांनी फोन केला. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

स्लॅश घालून कोड चढवायला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो वादात. "नावंच तर दिसली, फाइल कुठे उघडली? ऐन मुदतीत ग्राहकांना कशाला घाबरवायचं?" असा सूर वरून आला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022च्या निर्देशांप्रमाणे डेटा उघड झाल्याचं लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावं लागतं, आणि सकाळच्या फोनपासून त्यातले तीन सरले होते. मी पॅन आणि एआयएसच्या पासवर्डचा संबंध मीटिंगमध्ये स्क्रीनवर दाखवला. पुढे कुणी वाद घातला नाही. कळवणं वेळेत झालं. संध्याकाळपर्यंत 103 आणि 104च्या यादीत ज्यांच्या फाइली आल्या होत्या त्या प्रत्येक फर्मला आम्ही स्वतः फोन केले आणि नावांची यादी पाठवली. एक वयस्कर सीए म्हणाले, "यादी दिलीत ते बरं केलंत. आता माझ्या क्लायंटना मलाच सांगावं लागणार." त्यांच्या आवाजातला थकवा मला फार लागला.

फाइली एन्क्रिप्ट होत्या ना, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. होत्याच, जानेवारी 2023पासून एस-थ्रीत नवी फाइल आपोआपच एन्क्रिप्ट होते. पण एन्क्रिप्शन आतल्या मजकुराचं असतं, नावाचं नाही. प्रत्येक ग्राहकाला वेगळी किल्ली दिली असती तरी ही यादी अशीच दिसली असती.

म्हणून स्लॅशवर थांबायला माझी तयारी नव्हती. सर्व्हरकडे अख्ख्या बकेटची परवानगी असेल, तर ग्राहकांमधली भिंत प्रत्येक प्रोग्रामरच्या लक्षात राहण्यावर उभी असते, आणि माझ्या मते ती भिंतच नव्हे. ऑगस्टभर आम्ही परवानगी खाली, साठवणीच्या पातळीवर नेली. आता विनंती आली की सर्व्हर त्या एका ग्राहकाचा टॅग लावलेली, 15 मिनिटांची तात्पुरती ओळख घेतो आणि तिला त्या क्रमांकापुढच्या स्लॅशनंतरचंच दिसतं. ती दर वेळी नव्याने घ्यायची तर वेळ जातो, म्हणून ग्राहकागणिक थोडा वेळ जपून ठेवतो. हा जपलेला साठा, म्हणजे कॅश, ग्राहकांमध्ये कधीच मिसळणार नाही, हे तपासण्यातच सगळ्यात जास्त दिवस गेले. फाइलींची मूळ नावं डेटाबेसमध्ये हलवली, बकेटमध्ये आता नुसते निरर्थक आकडे-अक्षरं.

तोवर नवीन ग्राहक घेणं बंद ठेवलं होतं, त्यावरून सेल्सची माणसं नाराज होती. सगळं जागेवर बसल्यावर जुना, स्लॅश नसलेला सर्चचा कोड मुद्दाम काढून 104साठी चालवला. एस-थ्रीने 403, म्हणजे 'परवानगी नाही' असं उत्तर देऊन तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी 1044चं खातं उघडलं.