केळी सुटली, मीठ राहिलं

चोपडा तालुक्यातले नाना दवाखान्यात आले तेव्हा सगळ्यांनी केळीला दोषी ठरवून टाकलं होतं. साठी ओलांडलेली, जुना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीचं काम किती मंदावलंय ते सांगणारा रक्तातला आकडा) साडेतीन, म्हणजे किडनीविकाराचा चौथा टप्पा, आणि पोटॅशियमने भरलेल्या केळीची घरचीच बाग. रक्तातलं पोटॅशियम ६.८, धोक्याइतकं जास्त. पायांत जोर नव्हता, ईसीजीतल्या टी लाटा टोकदार झालेल्या. अशा वेळी हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग ग्लुकोजसोबत इन्सुलिन. कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही, ते हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळतं. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींमध्ये ढकलतं. डायलिसिसची तयारी ठेवली होती, पण रात्र निभावली.

सकाळी माझी पाळी. मी आहारतज्ज्ञ. मी खुर्ची ओढायच्या आतच नाना उखडले, "ताई, मना वावरमा केयं पिकस, पन वरीस व्हयनं, एक बी खादं नही!"

त्यांच्या बायकोने, माईंनी, मान डोलावली आणि माझा विश्वास बसला. ‘काय काय खाता’ असं विचारलं की लोक तक्ता पाठ म्हणून दाखवतात, म्हणून मी ‘काल चुलीवर काय होतं’ असं विचारते. माईंचं उत्तर ऐकून थक्क झाले. कळण्याची भाकरी बंद, कारण त्यात उडीद. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी फेकायचं, मग फोडणी. उन्हाळ्यात घातलेले पापड डब्यातच, नारळपाणी नाही. गुडघ्यासाठी दुकानातून आणायची ती वेदनाशामक गोळीही केव्हाच सोडलेली.

मग पोटॅशियम आलं कुठून?

"अन् मीठ तर आम्ही चांगलंच आणतो," मुलगा अभिमानाने म्हणाला. बीपी आहे म्हणून कुणीतरी सुचवलेलं, कमी सोडियमचं, साध्यापेक्षा महाग. महिनाभर घरात तेच. फोनवर घरून पुडीचा फोटो मागवला. पुढे हृदयाचं मोठं चित्र आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत: पोटॅशियम क्लोराइड. (ही अक्षरं कुणासाठी छापतात, देव जाणे.)

सोडियम कमी करायचं तर त्याच्या जागी काहीतरी घालावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते पोटॅशियमच असतं. धडधाकट किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. नानांच्या किडनीला ते जमत नव्हतं. त्यात त्यांची टेल्मिसार्टनची गोळी बीपी आवरते, लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करते, पण पोटॅशियम धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली असं मीठ वापरायची शिफारस केली, त्यातून किडनीच्या रुग्णांना स्पष्टपणे वगळलं आहे. हे दुकानात कोण सांगणार? डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली, पुढे कमी मात्रेत सुरू केली. ते कमी सोडियमचं मीठ मात्र कायमचं बंद.

मुलाचा चेहरा उतरला. "मग साधं मीठ टाकायचं ना?" त्याने विचारलं. टाकायचं, पण दिवसाला एका चमच्याच्या आत, पाच ग्रॅमपेक्षा कमी, आणि त्यात लोणचं, शेवभाजीतली शेव, सगळं धरून. सैंधवही त्याच हिशेबात. उपवासाला चालतं म्हणून किडनीला चालत नाही. चवीला लसूण, जिरं आणि थोडं लिंबू.

आठवड्याने पोटॅशियम ४.९ आलं. क्रिएटिनिन होतं तिथेच. ते खाली येईल अशी आशा मी दाखवली नव्हती. चढू नये एवढ्यासाठीच हा खटाटोप.

निघताना माईंनी भरिताचं विचारलं. वांगं भाजलं की पोटॅशियम आतच राहतं, फेकायला पाणीच नसतं. मी म्हटलं, पंधरा दिवसांतून एकदा, अर्धी वाटी, आणि त्या दिवशी दुसरी भाजी नाही. नानांनी लगेच कांद्याची पात आणि शेंगदाण्यांवरून घासाघीस सुरू केली. पातीवर तडजोड झाली. शेंगदाण्यांवर मी हटले नाही.