स्वेयावेगनच्या पदपथावरची पाटी

परवा स्टॉकहोममध्ये स्वेयावेगन रस्त्यावर बस पकडण्याच्या घाईत माझा पाय पदपथात बसवलेल्या धातूच्या पाटीवर पडला. पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची हत्या झाली ती जागा हीच, हे ध्यानात येताच मी वाकले आणि पाटीला लागलेला हात सवयीने कपाळाला गेला. माझे काही पडले असावे असे समजून मागचे आजोबा थांबले. पाय लागला म्हणून नमस्कार केला, हे त्यांना स्वीडिशमध्ये समजावता येईना.

बस गेली, पण राग गेला नाही. देशाच्या पंतप्रधानाची आठवण पायाखाली? मुलांच्या बाबागाड्या, हिवाळ्यातले चिखलाचे बूट, सगळे तिच्यावरून जाते. आपल्याकडे चौथरा असता, पूर्णाकृती पुतळा असता, जयंतीला हार असता. आणि उरलेले वर्षभर त्यावर कबुतरे असती, हेही कबूल करते.

आपल्याकडे पाल्मे हे नाव बोफोर्सच्या मागून येते, कारण त्या स्वीडिश कंपनीशी भारताचा तोफांचा करार त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, 24 मार्च 1986 रोजी झाला. इथे मात्र ते श्रीमंत घरात जन्मून समाजवादी झालेले आणि 1972 मध्ये व्हिएतनाममधल्या हनोईवरील अमेरिकी बॉम्बहल्ल्यांची तुलना नाझी अत्याचारांशी करून अमेरिकेचा रोष ओढवून घेणारे नेते म्हणून ओळखले जातात. जानेवारी 1985 मध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सहा देशांच्या परिषदेसाठी ते दिल्लीलाही आले होते.

28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री अंगरक्षकांना सुट्टी देऊन ते पत्नी लिस्बेत यांच्यासह भुयारी रेल्वेने सिनेमाला गेले आणि परतताना, 11 वाजून 21 मिनिटांनी, त्यांच्या पाठीत गोळी घातली गेली. मारेकरी शेजारच्या गल्लीतल्या जिन्यावरून पळाला. तो जिना मी चढून पाहिला आहे. वर पोहोचेपर्यंत धाप लागते.

पुढचा तपास मात्र वाचवत नाही. पोलिसांनी अडवलेली जागा अपुरी होती आणि झाडलेल्या दोन्ही गोळ्या पोलिसांना नव्हे, तर वाटसरूंना सापडल्या. त्यांपैकी एक भारतीय पत्रकार होता, हे मी इथे प्रत्येकाला जरा अभिमानानेच सांगते. लिस्बेत यांनी मारेकरी म्हणून ओळखलेल्या माणसाला 1989 मध्ये शिक्षा झाली आणि त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने त्याला सोडले. 10 जून 2020 रोजी सरकारी वकिलांनी ज्याच्यावर संशय घेऊन प्रकरण बंद केले, तो माणूस 2000 मध्येच वारला होता. म्हणजे खटला नाही, निकालही नाही.

म्हणून कार्यालयातल्या सहकाऱ्याने आमच्या मंत्र्यांच्या गाड्यांच्या ताफ्यांवरून हसत प्रश्न केला, तेव्हा मी ताडकन म्हणाले की ताफा असूनही इंदिरा गांधी गेल्या, पण आमच्याकडे खटला उभा राहिला आणि 1989 मध्ये दोषींना फाशीही झाली. तो गप्प झाला.

मग मला पुण्याचा तो पूल आठवला. दाभोलकरही सकाळी संरक्षणाशिवाय फिरायला निघाले होते. 2013 च्या त्या हत्येचा निकाल 2024 मध्ये लागला. गोळ्या घालणाऱ्या दोघांना शिक्षा झाली, तिघे सुटले, आणि सूत्रधार कोण हा प्रश्न तसाच राहिला. हे मी त्याला सांगितले नाही. परक्या देशात घरातले सगळेच काढायचे नसते. कप भरून आणते म्हणून मी कॉफीच्या यंत्राकडे गेले आणि परतल्यावर हवामानाचा विषय काढला.